पहारेकऱ्याचा पाय

माझ्या धाकट्या भावाला आमच्या गल्लीत सगळे खुसपटराव म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते विचारू नका, मीच ठेवलं. पण लोकांनी ते उचललं, आणि लोक एखादं नाव उचलतात ते काही उगाच नाही. चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी हा माणूस कपाच्या कडेवरून बोट फिरवतो. नवा शर्ट आणला की आधी उलटा करून शिवण बघतो. शिवण मी घातलेली असली तर जरा जास्तच वेळ बघतो.

आमचं दुकान एक आणि धंदे दोन. पुढच्या भागात माझं शिलाई मशीन. लोक माझ्याकडे पँट आखूड करायला, चेन बदलायला, वाढलेल्या पोटासाठी कंबर सैल करायला येतात. मागे, खिडकीला लागून त्याचं टेबल. त्याच्याकडे लोक बाहुले घेऊन येतात. बाहुले म्हणजे लहान मुलींच्या भातुकलीतले नव्हेत. अंतराळाच्या जुन्या मालिकांमधले शिपाई, यंत्रमानव, परग्रहावरचे हिरव्या तोंडाचे सेनापती. वीतभर उंचीचे, हातपाय हलणारे. चांगली टक्कल पडलेली, घरी नातवंडं असलेली माणसं हे गोळा करतात, आणि विकण्याआधी किंवा विकत घेण्याआधी कुणीतरी जाणत्याने हातात घेऊन सांगावं लागतं की माल कसा आहे. तो जाणता म्हणजे माझा भाऊ. ज्या स्वभावापायी घर मोडलं त्याच स्वभावावर पोट चालतं, असं माणसाचं नशीब असतं.

त्याचं बघणं मात्र खरंच बघण्यासारखं आहे. बाहुला आला की तो आधी हात धुतो आणि कोरडे करतो. मग बाहुल्याला कमरेला धरून त्याचा एक हात वर करतो आणि वाट पाहतो. हात वर राहिला तर सांधा घट्ट. हळूहळू खाली यायला लागला तर लगेच ओठ मुडपतो. मग नाकाचा शेंडा आणि भुवया. रंग आधी तिथेच उडतो, कारण मुलं बाहुल्यांना नाकावर पाडतात. मग पाठ, कारण खिडकीत ठेवलेला बाहुला पाठीकडून पिवळा पडतो आणि विकणारा तो नेहमी समोरूनच दाखवतो. शेवटी तो बाहुला नाकाशी नेतो. जुनं प्लास्टिक बिघडायला लागलं की त्याला आंबूस वास सुटतो म्हणे. मला कधी आला नाही. मग दहापैकी गुण. दहा त्याने आजवर कुणालाच दिलेले नाहीत. नऊ दिले तेव्हा तो माणूस रडला होता, आणि मी त्याला माझ्या स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं.

पण हे सगळे दोष त्याला एक वेळ चालतात. जे चालत नाही त्याला तो ‘जोडाजोड’ म्हणतो. एकाचं धड, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचं डोकं असं जुळवून उभा केलेला बाहुला. भाग सगळे अस्सल, त्याच कारखान्याचे, त्याच सालचे, पण एका अंगाचे नाहीत. तो बाहुल्याला खिडकीच्या उजेडात धरतो आणि दोन्ही हात शेजारी शेजारी आणून रंगाची छटा बघतो. एका हाताचा पांढरा जरासा दुधाळ, दुसऱ्याचा जरासा निळसर, की झालं. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘जोडाजोड’. मग समोरच्याने कितीही गयावया केली तरी ती चिठ्ठी बदलत नाही.

“अहो, पण दिसतो तर उत्तम ना?” लोक म्हणतात.

“दिसतो. पण हा कोण आहे ते सांगता येत नाही,” हा म्हणतो.

आता त्याच्या स्वतःच्या बाहुल्याची गोष्ट सांगते. आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही ते असं.

त्याची मुलगी लहान होती तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागायची. आकाशात कुठेतरी दूर एक चौकी, आणि तिथे रुपेरी चिलखत घातलेला, डोळ्यांपुरती लाल काच असलेलं शिरस्त्राण चढवलेला एक पहारेकरी. तो कधी झोपायचा नाही आणि फारसा बोलायचाही नाही. मला तर तो रात्रपाळीचा वॉचमनच वाटायचा. पण पोरीला त्याने वेड लावलं होतं. तिच्याकडे त्याचा बाहुला होता. तो तिच्याबरोबर आंघोळीला जायचा, जेवायला बसायचा, तापात तिच्या उशीशी असायचा. त्याचं नाक घासून सपाट झालं होतं.

मग माझी भावजय घर सोडून गेली. तिला मी वाईट म्हणणार नाही. जाताना ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “ताई, ह्याच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज परीक्षा आणि रोज निकाल. मी थकले हो.” खोटं काय होतं त्यात? भाजीत मीठ किती, दाराची कडी नीट बसली का, हसताना आवाज किती मोठा. तो ओरडायचा नाही, पण त्याच्या ओठ मुडपण्याचाच धाक वाटायचा. ती मुलीला घेऊन दुसऱ्या गावी गेली, पुढे तिने दुसरं लग्न केलं. नवरा चांगला माणूस आहे असं ऐकते, आणि माझा त्याच्यावर राग आहे तो तेवढ्यासाठीच.

घाईत बाहुला सोफ्याच्या उशीमागे राहिला. माझ्या भावाने पाठवतो म्हणून फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं की आता जुन्या वस्तू नकोत, ती रडते, कशीबशी रुळते आहे. हा एक-दोनदा भेटायला गेला. पोरगी आईच्या मागे लपली. हा परत आला आणि म्हणाला, “तिला त्रास होतो गं.” मी म्हटलं, “होऊ दे थोडा. भांड, हट्ट कर, दारात जाऊन बस.” पण जो माणूस बाहुल्याच्या नखभर ओरखड्यासाठी तासभर वाद घालतो त्याला पोटच्या पोरीसाठी तोंड उघडता आलं नाही. वर्षातून एकदा वाढदिवसाचा फोन, तोही पुढे पुढे दोन वाक्यांचा. मला आजही त्याचा संताप येतो आणि संतापाच्या तळाशी रडूच असतं.

तिची वाट बघायची त्याने आपली एक रीत काढली. तसाच एखादा मोडका पहारेकरी दुकानात आला आणि त्याचा एखादा भाग चांगला असला की तो ठेवून घ्यायचा, आणि मुलीच्या बाहुल्याचा तेवढा भाग बदलायचा. सगळ्यात आधी पाय बदलला. मग लाल काच. मग हात, कारण ते लोंबायला लागले होते. मग चिलखताची चांदी उडाली म्हणून धड. सर्वांत शेवटी, नाक गेलेलं म्हणून डोकं. यात वीसेक वर्षं गेली. काढलेले भाग सुट्या भागांच्या खणात पडायचे आणि तिथून लागेल तसे दुसऱ्यांच्या बाहुल्यांना लागायचे. “ती येईल ना ताई, तेव्हा हा अगदी दुकानातून आणल्यासारखा असेल,” तो म्हणायचा. मीही मान डोलवायची. मला तरी कुठे कळत होतं? मी फाटकं उसवून नवं लावणारी बाई.

आणि एक दिवस तिचा फोन आला. दुकानाच्या फोनवर. मीच उचलला.

“आत्या, मी बोलतेय.”

मला हुंदकाच आला. ती लिफ्ट तपासायचं काम करते. इमारतींमधून फिरते, दोर, कप्प्या, दारं बघते आणि लिफ्ट चालवायची की बंद ठेवायची ते ठरवते. खुसपटं काढणं रक्तातच, दुसरं काय! आमच्या गावात एका इमारतीचं काम होतं, दुपारी सुटणार होती, संध्याकाळच्या बसने परत जाणार होती. मधल्या वेळात येऊ का, असं विचारत होती. स्वतःच्या बापाच्या दुकानात येऊ का!

त्यानंतर माझ्या भावाने मला जे छळलं त्याला तोड नाही. बाहुल्याला काचेची पेटी केली. पेटीला छोटा दिवा लावला. दिवा फार पिवळा वाटला म्हणून बदलला. “तिला आवडेल ना?” एकदा. “ताई, तिला ओळखू येईल ना?” पुन्हा. मी वैतागून म्हटलं, “अरे, तू आवडशील का ते बघ आधी, दाढी कर.” तो हसला नाही. म्हणाला, “मी आवडायचं राहू दे. तिने हा फक्त हातात घ्यावा आणि घरी न्यावा. तिच्या घरात, एखाद्या फळीवर, माझं काहीतरी असेल.” एवढंच मागणं होतं त्याचं. मी मशीनवर वाकले आणि सरळ शिवण वाकडी घातली.

ती आली. उंच झालेली, केस आखूड, खांद्याला जड पिशवी. डोळे आमच्या आईचे. दारात उभी राहून तिने आधी वरच्या चौकटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तो टेबलामागून उठला, आणि जन्माची सवय, म्हणाला, “जरा इकडे ये, उजेडात.” मी कपाळावर हात मारला. ती आली बिचारी उजेडात. तो बघत राहिला. ओठ मुडपले नाहीत, एवढं मी पाहिलं.

“कसे आहात?” ती म्हणाली. आहात! मला सुई टोचल्यासारखं झालं, त्याला काय झालं असेल देव जाणे.

चहा झाला. लिफ्टबद्दल बोलणं झालं. दोघंही एकमेकांशी अशी बोलत होती की डॉक्टरच्या दवाखान्यात शेजारी बसलेली माणसं बरी. मग त्याने पेटी उघडली, दोन्ही हातांनी पहारेकरी उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“तुझा आहे. सांभाळून ठेवला होता.”

तिचा चेहरा असा उजळला की मी मशीनचं चाक धरून थांबले. तिने तो घेतला, अंगठा सरळ त्याच्या नाकावर ठेवला, आणि अंगठा तिथेच थबकला. मग तिने त्याला फिरवलं. पाठ पाहिली. पाय पाहिले, पुन्हा पाहिले.

“हा माझा नाहीये,” ती हळूच म्हणाली.

“तुझाच आहे. भाग बदललेत फक्त. सगळे मूळचे, त्याच सालचे. रंगाची छटासुद्धा जुळवलीये. बघ, उजेडात धर.” तो भराभरा बोलत होता, अगदी त्याच्या टेबलापाशी येऊन गयावया करणाऱ्या गिऱ्हाइकांसारखा.

“मग माझा कुठे गेला?”

त्याने खणाकडे पाहिलं. “गेला,” तो म्हणाला. “थोडा थोडा गेला.” आणि मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. तो खाली बसला.

“त्याचा एक पाय बाहेर वळलेला होता,” ती म्हणाली.

“तो मोडला होता. मी चिकटवला, पण घाईत चुकीचा बसला. मला फार लाज वाटायची त्याची. म्हणून तोच पहिला बदलला.” सांगताना तो अजूनही त्या चुकीच्या हिशेबात होता. गोंद कुठला होता, कपड्यांच्या चिमट्याने कसा दाबून ठेवला होता, चिमटा कसा सरकला. सगळं आठवत होतं त्याला.

तिने पहारेकरी टेबलावर ठेवला. आपटला नाही, नीट उभा केला. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

“आणि तुम्ही त्याच्यासारखे चालायचात ते?” तिने विचारलं.

“कोण? मी?”

“तुम्हीच. पाय वाकडा बसला म्हणून मी भोकाड पसरलं होतं. मग तुम्ही तुमचा पाय असा बाहेर वळवलात आणि घरभर चाललात. म्हणालात, अगं वेडे, पहारेकरी असेच चालतात, म्हणजे एका डोळ्याने समोर आणि एका पायाने बाजूला लक्ष राहतं. आई हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी मला शाळेत सोडायला आलात तेही तसेच चालत. भर रस्त्यातून. लोक बघत होते. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं, माझे बाबा पहारेकरी आहेत.”

मी भावाकडे पाहिलं. हा आणि भर रस्त्यात वाकडा चालला? इस्त्री मोडेल म्हणून बसमध्ये न बसणारा हा?

“मला आठवत नाही,” तो म्हणाला. “चिमटा आठवतो. हे… हे नाही आठवत.”

“नाही आठवत?”

“नाही गं.”

ती उभी राहिली. पिशवी खुर्चीवर ठेवली. डावा पाय तिने चांगला बाहेर वळवला, पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली, आणि त्याच्या टेबलापासून माझ्या मशीनपर्यंत चालत आली. ठक, आणि घसर. ठक, आणि घसर. हात अंगाला चिकटवलेले, चेहरा गंभीर. आता काय सांगू तुम्हाला! तो माझा भाऊ होता. तरुणपणचा, लग्न झालेला, घरात लहान मूल असलेला, जो मीही विसरून गेले होते. इतकी वर्षं हिने तो न दुरुस्त करता, न पुसता, जसाच्या तसा ठेवला होता.

त्याने ओठांवर हात दाबून धरला होता. “पुन्हा दाखव,” तो म्हणाला.

ती परत टेबलापर्यंत चालत गेली. आता तिला हसू यायला लागलं होतं.

“पुन्हा.”

“अरे बाबा, लोक बघतील.”

“बघू देत. पुन्हा एकदा.”

ती चालली. पुन्हा चालली. तो नजर न हलवता बघत होता आणि त्यात काही शोधत नव्हता, नुसता बघत होता. पँट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात थांबलं, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. मला कळत होतं, त्यालाही कळत होतं, की हे थांबलं की ती निघणार. शेवटी तिने घड्याळ पाहिलं आणि पाय सरळ केला.

“बस जाईल माझी.”

“जाऊ दे ना,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हट्ट केला माझ्या भावाने, तोही बससाठी. ती हसली, पण पिशवी खांद्याला लावलीच.

“हा नेतेस?” त्याने पहारेकऱ्याकडे बोट केलं.

तिने मान हलवली. “नको. ह्याची माझी ओळख नाही रे.” मग त्याला वाईट वाटलं असेल असं वाटून म्हणाली, “येईन मी.” कधी ते नाही म्हणाली. माझ्या पाया पडली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेली. कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेली, सगळी माणसं चालतात तशी. तो दारात उभं राहून तिची पावलं बघत होता.

मग तो आत आला. पेटीतला दिवा काढून टाकला. नेहमीची चिठ्ठी घेतली, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘जोडाजोड’ लिहिलं आणि पहारेकऱ्याच्या गळ्यात बांधून त्याला विकाऊ मालाच्या फळीवर ठेवलं. गुण लिहिले नाहीत. मला वाटलं, आता हा टेबलावर डोकं ठेवून बसणार, आणि समजूत घालण्यात तर मी अगदीच ढ. काय बोलावं याची जुळवाजुळव करत मी पँटची घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

पण तो बसला नाही. टेबल आणि मशीन यांच्यामध्ये उभा राहिला. पाठ ताठ केली, हात अंगाला चिकटवले, हनुवटी वर घेतली. पाय बाहेर वळवला आणि भिंत धरत, गुडघ्यातून कुरकुरत, चालायला लागला. ती पुन्हा आली तर यायला हवं ना त्याला.

“असाच ना गं, ताई? असाच होता ना मी?”

त्याने उजवा पाय वळवला होता.

“डावा,” मी म्हटलं. “डावा पाय.”

तो थांबला. पाय बदलला. आणि दारापासून पुन्हा सुरुवात केली.